बिघाड गाडीतच होता

मधुभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात मिरच्यांची देठं मोडत बसले होते. फोन निर्मला वहिनीचाच होता आणि आवाज इतका साधा, की ती वाळवणाचं काहीतरी विचारतेय असंच मला वाटलं. म्हणाली, सकाळी गाडी घेऊन शेगावला गेले, वांग्याची रोपं घेऊन आले, हातपाय धुतले, जेवले, ओसरीतल्या बाजेवर आडवे झाले… आणि उठलेच नाहीत. डॉक्टर येऊन गेले होते. हृदय थांबलं होतं. मी फोन धरून नुसती उभी राहिले, आणि मग जे पहिलं वाक्य तोंडात आलं ते विचारून बसले, की जेवताना बोलणं नीट होतं ना गं त्याचं? वहिनी म्हणाली, "ठेच्यात लसन जास्त झाला म्हनून भांडले माह्यासंग. मागच्या दिवाळीले कसा केलता, थेही सांगतलं." ते ऐकलं आणि मी खाली बसले. रडू नंतर आलं, आणि पुष्कळ आलं. पण त्याच्या आधी छातीवरचं काहीतरी उतरलं होतं, आणि ते काय होतं हे आम्हा नणंद-भावजयांना दोघींनाही ठाऊक होतं.

भाऊ गेला आणि बहिणीला सुटल्यासारखं वाटलं, हे लिहायला बरं दिसत नाही. पण ज्यांनी आमचे बाबा पाहिले असतील त्यांना ते कळेल. वरवट बकालच्या आमच्या घरात बाबांची शेवटची वर्षं फार वाईट गेली. ते पडले-झडले नाहीत, दुखलं-खुपलं नाही, नुसते विसरत गेले. सुरुवात विहिरीवरच्या डिझेल इंजिनापासून झाली. जन्मभर ज्या हातांनी ते इंजिन चालू-बंद केलं, त्या हातांना एका दुपारी ते बंद कसं करायचं तेच आठवेना. बाबा इंजिनाशेजारी उभे राहिले आणि पाणी वाहत राहिलं. मग स्वतःच्या शेताची वाट चुकू लागली, दुसऱ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन बसू लागले, मग मधुभाऊला ते कुणी पाहुणा समजू लागले. जो माणूस गावात कुणालाही नावानं हाक मारायचा, तो शेवटी आपल्याच मुलाला विचारायचा, तुम्ही कुठले. मधुभाऊनं तेव्हाच माझ्याजवळ बोलून दाखवलं होतं, की मरण कसंही येऊ दे, पण असं नको. त्याला कशाचीच भीती नव्हती म्हणून गावात सांगतात. एका गोष्टीची होती.

तो कसा होता हे सांगायचं तर सायकलच्या ट्यूबपासूनच सांगावं लागेल. जुनी ट्यूब आमच्या घरातून कधी बाहेर गेली नाही. मधुभाऊ तिच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापायचा आणि जे फुटेल, गळेल, सैल होईल, त्याला ताणून गुंडाळायचा. फवारणी पंपाचा पाईप, ठिबकची नळी, कुऱ्हाडीचा दांडा, बादलीची कडी, बाबांची काठी… माझ्या लग्नात सनईवाल्याच्या पेटीचं कुलूप तुटलं, तर वरातीच्या गडबडीत यानं खिशातून पट्टी काढून ती पेटी बांधून दिली. मी शाळेत शिकवायला लागले तेव्हा माझ्या चष्म्याची काडी मोडली, आणि सुट्टीत गावी गेले तर याने त्या काडीलाही पट्टी बांधली. तो चष्मा घालून मी वर्गात उभी राहिले असते तर पोरांनी मला पंक्चरवाली बाईच म्हटलं असतं. तो एकटाच असं करायचा असंही नाही. आमच्याकडे घरोघरी हेच चालतं, पाईप फुटला की पट्टी बांधायची आणि पुढच्या कामाला लागायचं. फक्त मधुभाऊनं त्याचा धर्म केला होता. त्याच्या हातची गुंडाळी लांबूनही ओळखू यायची, एकावर एक सारखे वेढे आणि शेवटी टोक आत खोचलेलं.

निर्मला वहिनी त्याच्या अगदी उलट. तो ओरडायचा, ती ऐकून घ्यायची आणि शेवटी तिला हवं तेच करायची. ती डावखुरी. लग्न होऊन आली तेव्हा डाव्या हातानं वाढते म्हणून आईनं तिला फार बोल लावले, त्यामुळे वाढणं आणि जेवण तेवढं उजव्या हातानं, बाकी सगळी कामं डाव्या. आणि तिची दुसरी खुबी म्हणजे, ती फार सुंदर खोटं बोलते. हे मी कौतुकानंच लिहितेय. बाबांच्या शेवटच्या वर्षांत ते रोज संध्याकाळी विचारायचे, "बैल आले का वं, सूनबाई?" बैल विकून कितीतरी काळ लोटला होता, गोठ्यात ट्रॅक्टर उभा असायचा. मधुभाऊ त्यांना खरं काय ते समजावून सांगायला जायचा आणि बाबा कासावीस व्हायचे. वहिनी मात्र भाकरी थापता थापता, मान वर न करता म्हणायची, "हाव मामाजी, आले. बांधले." बाबा शांत व्हायचे. तिच्या चेहऱ्यावर रेघ हलायची नाही. तिचं हे कसब मला ठाऊक होतं आणि मधुभाऊलाही ठाऊक होतं. पुढं जे झालं त्यात हीच गोष्ट माझ्या मनात काट्यासारखी रुतून बसली.

गाडी आली ती प्रशांतमुळे. प्रशांत त्यांचा मुलगा, पुण्याला असतो. त्यानं नवी घेतली आणि आपली आधीची वडिलांना आणून दिली. पेट्रोलवरची, टर्बोची. मधुभाऊला टर्बो म्हणजे काय ते कळल्यावर तो इतका खूश झाला, की आल्यागेल्याला बॉनेट उघडून दाखवायचा. इंजिनातून बाहेर पडणारा जो धूर आहे, तोच एक पंखा फिरवतो, आणि तो पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो, म्हणून एवढंसं इंजिन एवढी ताकद देतं… हे मी इतक्या वेळा ऐकलं, की मराठी शिकवून निवृत्त झालेली मी, कुणी विचारलं तर टर्बोवर तास घेऊ शकेन. त्या गाडीतून त्यानं स्वतःसाठी कमी आणि गावासाठी जास्त फेऱ्या केल्या. कुणाला कळा आल्या, कुणाचा मळणीयंत्रात हात सापडला, कुणाला परीक्षेला उशीर झाला, की लोक मधुभाऊच्या ओट्याशी येऊन उभे राहायचे. तो आधी रागवायचा, आत्तापर्यंत काय झोपले होते का म्हणून, आणि रागावता रागावताच गाडी काढायचा.

मग त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. अकोल्याला. मोतीबिंदूच तो, पण धूळ नको, वाकणं नको म्हणून प्रशांतनं त्याला तिथून परस्पर पुण्याला नेलं. वहिनी शेतीकडे पाहायला घरी राहिली. गाडी इतके दिवस शेडमध्येच उभी होती. तो परत आला, गाडी काढली, आणि दोन-चार दिवसांत ती बंद पडायला लागली. सुरू व्हायची, चालायची. जोर लावून कुणाला मागं टाकलं किंवा चढ चढला, आणि मग गतिरोधक आला म्हणून वेग कमी केला, की एक आचका द्यायची आणि गप्प. मोताळ्यावरून माझ्याकडे बुलढाण्याला येताना राजूर घाट लागतो. तो घाट चढून वर आली की हटकून. मागून एसटी भोंगा वाजवतेय, आजूबाजूचे वळून पाहतायत, आणि मधुभाऊ चावी फिरवत बसलाय. पुन्हा सुरू व्हायलाही ती वेळ घ्यायची.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवून झालं. त्यांनी कॉम्प्युटर जोडला. इंजिनात पेट्रोल प्रमाणाबाहेर जातंय, एवढं त्यात आलं. त्यांनी काजळलेले प्लग बदलले, पेट्रोल सोडणाऱ्या नळ्या साफ केल्या, एक सेन्सर नवा घातला. गाडी त्यांच्या दारात उभी करून चालू ठेवली की घड्याळासारखी चालायची, मग ते तरी काय करणार. त्यातल्या एका पोरानं प्रशांतला फोनवर अगदी आदरानं सांगितलं, की सर, गाडीत आता काही नाही, काकांचं वय झालंय, क्लच दाबायचं राहून जात असेल. बाकीच्यांच्या मनात होतंच ते. गावातले लोक बोलले नाहीत, पण गाडी मागायला यायचे कमी झाले. प्रशांतनं वडिलांना प्रेमानंच सांगितलं, की बाबा, आता गाडी पुरे, आजोबांचंही इंजिनापासूनच सुरू झालं होतं. तो वाईट मुलगा नाही. घाबरलेला होता. त्यानं त्यांच्यासाठी पुण्यात खोली तयार करून ठेवली होती आणि गाडीला गिऱ्हाईकही पाहिलं होतं.

एका सकाळी मधुभाऊ आणि वहिनी एसटीनं माझ्या दारात उतरले. तो एसटीनं आलेला पाहूनच काहीतरी बिनसलंय ते मला कळलं. चहा झाला. वहिनी आत माझ्या सुनेशी बोलत बसली, तशी त्यानं खिशातून गाडीची चावी काढून माझ्यासमोर ठेवली.

"कुसुम, हे ठेवून घे तुह्याजोळ. मागतली तरी देऊ नको मले."

मी म्हटलं, गाडीत काहीतरी बिघाड असेल, अजून एकदा दाखवू. त्यानं मान हलवली. म्हणाला, मी क्लच दाबतो असं मले वाटते… पन बाबालेही वाटेच ना, का आपलंच वावर हाय म्हनून. माझा हा भाऊ, ज्यानं मला सायकल शिकवताना पडल्यावर उचलायच्या आधी रागावलं होतं, तो मला विचारत होता, "मी बाबासारखा होऊन राह्यलो का वं?"

मी नाही म्हटलं. पण मला तरी काय माहीत होतं. तो गेल्यावर मी चावीकडे पाहत बसले आणि मला राग आला. कुणाचा ते कळेना. जन्मभर पोरांच्या वह्या तपासल्या, उत्तर चुकलं तर कुठल्या पायरीला चुकलं ते पाहिल्याशिवाय शून्य दिलं नाही, आणि इथं माझ्या भावाला सगळ्यांनी मिळून नापास करून टाकलं होतं. मी ठरवलं की आधी डोळ्यांनी पाहायचं. त्याच आठवड्यात वरवटला गेले, चावी त्याच्या हातात ठेवली आणि म्हटलं, मला बुलढाण्याला सोडून दे. तो नको नको म्हणत होता. मी ऐकलं नाही. वहिनीलाही मागच्या सीटवर घेतलं. मी पुढं बसले आणि परीक्षेच्या हॉलमध्ये बसावं तशी, त्याच्या पायांवर नजर ठेवून बसले.

नांदुऱ्याच्या पुढं त्यानं उसाच्या ट्रॉलीला मागं टाकलं. गाडीनं जोर धरला, पण खाली कुठंतरी फुस्स असा आवाज आला, आणि मागं वळून पाहिलं तर काळा धूर. उघड्या काचेतून पेट्रोलचा वास. पुढं गाव आलं, गतिरोधक आला, त्यानं पाय ठेवला… मी पाहिलं. क्लच पूर्ण दाबला होता. पार तळापर्यंत. गाडी आचका देऊन बंद पडली. मी त्याला म्हटलं, भाऊ, तू क्लच दाबला होतास. मी पाहिलंय. तो माझ्याकडे असा पाहायला लागला, की जणू मी कुठल्या कोर्टाचा निकाल वाचून दाखवतेय. त्याला ते खरं वाटावं असं फार वाटत होतं, म्हणूनच वाटत नव्हतं.

मोताळ्याच्या थोडं पुढं, घाट सुरू व्हायच्या अलीकडे, रोहिणखेडच्या रफीकचं गॅरेज आहे. हा रफीक पुष्कळ वर्षं नाशिकला गाड्यांच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये होता. वडील आजारी पडले म्हणून परत आला. बोलायला भारी मोकळा, हातात पाना असतानाही तोंड चालूच. मी त्याला काय पाहिलं ते सांगितलं. तो गाडी उभी करून तपासायच्या भानगडीतच पडला नाही. आधी म्हणाला, "चला, घाटात फिरून येऊ." मधुभाऊला शेजारी बसवून तो घाट चढून गेला, आणि परत आला तो गालातल्या गालात हसत. त्याच्याही हातून गाडी घाटमाथ्यावर बंद पडली होती. खरं म्हणजे तिथंच निम्मं काम झालं होतं. पण मधुभाऊचा अजून विश्वास बसत नव्हता.

रफीकनं मग जे सांगितलं ते मला पटकन समजलं, कारण आमच्या घरी रॉकेलचा स्टोव्ह असायचा आणि हवा कमी पडली की तो असाच काजळी धरायचा. या गाडीत हवा आत शिरते त्या तोंडाशीच एक तुकडा बसवलेला असतो, तो आलेली हवा मोजतो. जेवढी मोजली तेवढ्या बेतानं पेट्रोल सोडलं जातं. पुढं टर्बो ती हवा दाबून, रबराच्या जाड पाईपातून इंजिनाकडे पाठवतो. "आता पाहा काकू," तो म्हणाला, "मोजनारा म्हनते हवा आली. पन हवा तं रस्त्यातच पयाली. पेट्रोल मात्र मोजल्याइतकं येते." उभ्या गाडीत टर्बो जोर करत नाही, म्हणून पाईपात दाब नसतो आणि हवा पळत नाही. जोर लावला की पळते. मग इंजिन पेट्रोलनं ओलं होतं, काळं ओकतं, आणि ओझं कमी करून वेग उतरवला की गुदमरून बंद पडतं. सर्व्हिस सेंटरवाल्यांना पेट्रोल जास्त दिसलं म्हणून ते पेट्रोलाच्या मागं लागले. हवेच्या मागं कुणी गेलंच नाही.

हवा कुठून पळते ते शोधायची त्याची रीत तर अगदीच घरची होती. टर्बोच्या तोंडावर त्यानं पाण्याच्या पाईपाचं एक टोपण घट्ट बसवलं, त्याला टायरची व्हॉल्व्ह लावलेली, आणि त्यातून हळूहळू हवा भरली. मग कपडे धुवायच्या पावडरीचं पाणी केलं आणि ब्रशनं एकेका जोडावर लावत गेला, पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून पाहतो तसं. वरचे जोड कोरडे निघाले. मग खालच्या वळणावर, जिथं चिखल-धूळ बसून सगळं एकाच रंगाचं झालं होतं, तिथं एकदम फेस उठला. रफीकनं चिंधीनं पुसलं. त्याखाली सायकलच्या ट्यूबची पट्टी होती. गुंडाळलेली, ताणून बांधलेली. ब्लेडनं ती एका बाजूनं कापून त्यानं पाईप उघडा केला, तर उंदरानं कुरतडलेलं भोक, सुपारी जाईल एवढं. पट्टी साध्या हवेला पुरत होती. टर्बोची हवा आली की फुगायची आणि वाट द्यायची. रफीक म्हणाला, फवारणीच्या पंपाले चालते हो हे, अथी कसं चालंन. आणि हसला.

मधुभाऊ हसला नाही. त्यानं ती पट्टी हातात घेतली. गाठ तशीच शाबूत होती. तो ती बोटांत फिरवत राहिला, आणि त्याचा चेहरा उतरत गेला तो मी आजही विसरलेले नाही. त्याच्या मनात काय चाललंय ते मला लख्ख दिसत होतं. आमच्या घरात पट्टी कोण बांधतं? आणि ती कधी बांधली हे त्याला आठवत नव्हतं. बिघाड गाडीत होता हे सिद्ध झालं त्याच क्षणी, तो बिघाड आपणच करून विसरलो, असं त्याला वाटलं. मघापासून जे मी त्याच्या पदरात टाकायला धडपडत होते, ते हातातोंडाशी येऊन निसटलं होतं. तो अगदी हळू म्हणाला, "म्याच बांधली असंन… इसरलो."

वहिनी बाहेर लिंबाखाली बाकड्यावर बसली होती. ती उठून आली. पट्टीकडे पाहिलं, पाईपाकडे पाहिलं.

"थे तं म्या बांधली होती," ती म्हणाली.

आम्ही सगळे तिच्याकडे पाहायला लागलो. ती सांगू लागली, की तुम्ही डोळ्याच्या ऑपरेशनला गेले होते तेव्हा शेडमध्ये उंदीर फार झाले होते. डांबरगोळ्या ठेवायला मी बॉनेट उघडलं, तर पाईपाला भोक दिसलं. बांधून टाकलं. मधुभाऊ जवळजवळ ओरडलाच, की काऊन नाही सांगतलं मंग? तिला त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "त्यात काय सांगाचं? पाईप फुटला, बांधला." इतके दिवस गाडी बंद पडतेय, घरदार सुतक आल्यासारखं बसलंय, आणि हिच्या डोक्यात कधी आलंही नाही की त्याचा याच्याशी काही संबंध असेल. बांधलेला पाईप म्हणजे दुरुस्त पाईप, त्याची पुन्हा आठवण कशाला ठेवायची. मधुभाऊ तिच्याकडे पाहत राहिला आणि मग जो हसायला लागला… डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, गॅरेजच्या उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसून, गुडघ्यावर थापा मारत. रफीकही हसत होता. मी रडत होते. वहिनी म्हणाली, आता भाकर खाऊन घ्या, आणि डबा सोडला.

मलकापूरहून नवा पाईप येईपर्यंत आम्ही तिथंच झुणका-भाकर खाल्ली. दुपार कलल्यावर मधुभाऊनं स्वतः गाडी घाटात घातली. इंजिनाचा आवाज स्वच्छ झाला होता, ते मलासुद्धा कळत होतं. माथा आला, त्यानं पाय काढला, गिअर उतरवला. गाडी चालत राहिली. त्यानं मुद्दाम गतिरोधकावर पूर्ण थांबवली, पुन्हा हलवली, पुन्हा थांबवली. मागचा ट्रकवाला वैतागून शिव्या देत बाजूनं गेला. मधुभाऊनं त्याला नमस्कार केला. माझ्या दारात मला सोडताना त्यानं चावी काढून दाखवली आणि पुन्हा खिशात ठेवली.

त्यानंतर तो वर्षभरापेक्षा थोडा अधिक जगला, आणि छान जगला. पुण्याची खोली प्रशांतनं भाड्यानं देऊन टाकली. लोक पुन्हा ओट्याशी येऊ लागले, हा पुन्हा रागावू लागला. पण माझ्या मनात एक गोष्ट राहूनच गेली होती. वहिनीनं खरं सांगितलं होतं, की नवऱ्याचा उतरलेला चेहरा पाहून, मान वर न करता, बैल आले म्हणून सांगितलं होतं? ती ते करू शकते. तिच्याइतकं चांगलं कुणीच करू शकत नाही. ती खोटं बोलली असेल तर मधुभाऊ खरंच विसरू लागला होता, आणि आम्ही सगळे नव्या पाईपावर भरवसा ठेवून बसलो होतो. प्रत्येक फोनवर मी त्याची परीक्षा घेत राहिले. मागच्या वेळी काय बोललो होतो ते आडवळणानं विचारायचं, जुन्या माणसांची नावं मुद्दाम चुकीची घ्यायची. तो दर वेळी मला दुरुस्त करायचा आणि वर म्हणायचा, मास्तरीन असून तुलेच ध्यानात राहत नाही. म्हणूनच तो गेल्याच्या फोनवर मी तो वेडा प्रश्न विचारला. ठेच्यातल्या लसणानं माझी परीक्षा संपवली.

मागच्या आठवड्यात मी वरवटला जाऊन आले. पाहुणे पांगले होते, प्रशांतही परत गेला होता. वहिनी आणि मी शेडमध्ये काही शोधत होतो. गाडी जागेवर उभी होती, पुसलेली. मला राहवलं नाही. मी सरळच विचारलं, की वहिनी, आता तो नाही, आता सांग… ती पट्टी खरंच तू बांधली होतीस का? ती रागावेल असं वाटलं होतं. ती रागावली नाही. फवारणीचा पंप खुंटीला टांगला होता, त्याच्याकडे तिनं बोट केलं.

"त्यायनंही हेच इचारलं होतं," ती म्हणाली. "तुले सोडून घरी आलो, तं हातपायही नाई धुतले. म्हने, खोटं बोलत असशीन तं आत्ताच सांग. अन् ट्यूब देली हातात. म्हने, बांध माह्यासमोर."

पंपाच्या पाईपावर ट्यूबची पट्टी होती. त्याच खुंटीवर रफीकनं कापलेली ती जुनी पट्टी लटकत होती. मी दोन्ही जवळ घेऊन पाहिल्या. जन्मभर मी मधुभाऊची गुंडाळी पाहिली आहे, ती उजवीकडे जाते आणि टोक आत जातं. पंपावरचे वेढे डावीकडे गेले होते, डावखुऱ्या हाताचे, आणि टोक खोचलेलं नव्हतं, गाठ मारली होती, पदराला मारतात तशी. जुन्या पट्टीवर तीच गाठ होती. म्हणजे त्यालाही माझ्यासारखीच शंका आली होती, पण तो माझ्यासारखा वर्षभर फोनवर चाचपडत बसला नव्हता. त्याच संध्याकाळी तपासून मोकळा झाला होता. मी विचारलं, मग काय केलं त्यानं? वहिनी म्हणाली की दोन्ही पट्ट्या शेजारी धरून पाहिल्या, मग जेवायला बसले, आणि एरवीपेक्षा एक भाकर जास्त खाल्ली.

तो पंप फुटका नव्हताच. बांधायला काहीतरी हवं म्हणून बांधून घेतलं होतं. त्यानंतर गडी फवारायला पंप न्यायचा तेव्हा मधुभाऊ त्याला बजावायचा, की पाईप धुव, पन थे पट्टी सोडू नको. गड्याला वाटायचं, आत भोक असेल. मीही ती तशीच ठेवली. वहिनीनं डाव्या हातानं पंप पुन्हा खुंटीला लावला, आणि आम्ही चहा करायला आत गेलो.